लाकडी बैठक कोरताना

दुपारच्या सुट्टीनंतरचा दुसरा तास म्हणजे वर्गातल्या चुळबुळीचा तास. कोणी डाव्या कुशीवर कलते, कोणी मांडी बाकावर घेते, कोणी हात खाली घालून त्यावर बसते. आपण "नीट बसा रे" म्हणतो. दोन मिनिटे सगळे नीट बसतात आणि पुन्हा चुळबुळ सुरू होते. आपण तिला बेशिस्त म्हणतो. पण ज्या सपाट फळीवर ही मुले पाच-सहा तास बसतात, ती फळी या चुळबुळीला किती जबाबदार आहे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

खुर्चीची बैठक हाताने कोरणाऱ्या सुताराला मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. फळीतून कुठले लाकूड काढायचे, किती काढायचे आणि कुठे थांबायचे, हे त्याला आधी ठरवावे लागते. रायगड जिल्ह्यात पेण आणि रोहा या दोन गावांच्या परिसरात हातकामाची सुतारी अजून पाहायला मिळते. ते काम जवळून पाहताना आमच्या लक्षात आले की शरीरशास्त्र, भूमिती, पदार्थविज्ञान आणि वनस्पतिशास्त्र हे सगळे विषय एका फूट-दीड फूट फळीवर एकत्र येतात. त्यांची ओळख करून घेण्यासाठी हा लेख.

दोन हाडांवरचा भार

सुरुवात एका प्रयोगाने करू. पेण हे गणेशमूर्तींचे गाव आहे, त्यामुळे मूर्तीची माती तिथे सहज मिळते. इतरांनी गाळलेली साधी चिकणमाती घ्यावी. एका पाटावर तीन-चार सेंटिमीटर जाडीचा ओलसर मातीचा थर सपाट थापा. त्यावर प्लास्टिकचा कागद पसरा. हा पाट बाकावर ठेवून विद्यार्थ्याला त्यावर पाय खाली सोडून अर्धा मिनिट ताठ बसायला सांगा. तो उठला की मातीत दोन खोल खळगे दिसतील, आणि त्यांच्या पुढे मांड्यांचे दोन उथळ पन्हळ. दोन खळग्यांच्या तळांमधले अंतर मोजा. मोठ्या माणसात ते साधारण १० ते १३ सेंटिमीटर भरते. कटीच्या हाडाचे हे खालचे दोन उंचवटे. ताठ बसल्यावर शरीराचा बराचसा भार यांच्यावरच येतो.

आता थोडे गणित. समजा विद्यार्थ्याचे वजन ४५ किलो आहे आणि त्यापैकी ३२ किलोचा भार बैठकीवर येतो (उरलेला पायांतून जमिनीवर जातो). कडक सपाट फळीवर हा भार मुख्यतः २०० चौरस सेंटिमीटर भागावर पडला, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला १६० ग्रॅम होतो. तीच फळी शरीराच्या आकाराला जुळेल अशी कोरली आणि स्पर्शाचे क्षेत्र ६४० चौरस सेंटिमीटर झाले, तर दाब ५० ग्रॅमवर येतो. हे क्षेत्रफळाचे आकडे आम्ही हिशोबासाठी गृहीत धरले आहेत. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे आठवी-नववीतले सूत्र मात्र खरे. प्रत्यक्षात हाडांच्या नेमक्या खाली दाब या सरासरीपेक्षा बराच जास्त असतो.

हा दाब त्वचेला किती झेपतो? १९३० साली अमेरिकन शरीरक्रियातज्ज्ञ यूजीन लँडिस यांनी माणसाच्या नखाजवळच्या केशवाहिन्यांत अतिसूक्ष्म नळी घालून त्यांतला रक्तदाब मोजला. रक्त जिथून आत येते त्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा भरला. वातावरणाचा दाब ७६० मिलिमीटर पारा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १०३३ ग्रॅम. या प्रमाणाने ३२ मिलिमीटर म्हणजे सुमारे ४३ ग्रॅम. त्वचेवरचा दाब जसाच्या तसा आतल्या केशवाहिन्यांवर पडत नाही, म्हणून ही तुलना ढोबळच आहे. पण तिच्यातून एक गोष्ट कळते. सपाट फळीवर बसल्यावर हाडांखालच्या भागाचा रक्तपुरवठा अडू लागतो. थोड्या वेळाने मेंदूकडे तक्रार जाते आणि शरीर बाजू बदलते. हीच ती चुळबुळ! म्हणजे ती शरीराची स्वतःला सांभाळण्याची पद्धत आहे.

आणखी एक गोष्ट याच आकड्यांतून दिसते. उत्तम कोरलेल्या बैठकीवरचा ५० ग्रॅमचा दाबही ४३ च्या वरच आहे. म्हणून कितीही चांगली खुर्ची दिली तरी माणसाला अधूनमधून हलावेच लागते. चांगल्या बैठकीने ही वेळ लांबते, टळत नाही.

पाट सपाट का?

आपल्याकडे बैठक म्हणजे मुळात पाट. जेवायला पाट, पूजेला पाट, गणपती आणायला पाट. हे सगळे पाट सपाट असतात. आपल्या सुतारांना खोलगट कोरता येत नव्हते असे मुळीच नाही. भाकरीचे पीठ मळायची काठवट, कांडणाचे उखळ, खाडीतली एकाच ओंडक्याची होडी, हे सगळे लाकूड पोखरूनच होते.

पाट सपाट राहिला तो बसण्याच्या पद्धतीमुळे. मांडी घालून बसल्यावर मांड्या आणि घोटे यांच्यावरही भार वाटला जातो, शिवाय मांडी पाहिजे तेव्हा बदलता येते. पाटावर देवाची मूर्तीही ठेवायची, ताटही ठेवायचे. खळगा असलेला पाट या कामांना गैरसोयीचाच. पाय खाली सोडून तासन् तास बसणे आपल्याकडे कचेरी आणि शाळा यांच्याबरोबर रुजले. त्या खुर्च्यांना बहुतेक वेताची विणलेली बैठक असे. वेताची जाळी भाराखाली आपोआप खाली जाते आणि शरीराचा आकार घेते. घन फळी वाकत नाही, म्हणून तिला तो आकार आधीच कोरून द्यावा लागतो.

अवजारे

या कामाची अवजारे मोजकी आहेत. पहिले वाकस. कुऱ्हाडीचे पाते दांड्याच्या रेषेत असते, तर वाकसाचे पाते कुदळीसारखे दांड्याला आडवे असते. त्यामुळे घाव स्वतःकडे ओढत घालता येतो आणि लाकडाची ढलपी उडते. या कामाला 'तासणे' म्हणतात. दुसरे गिरमिट, भोके पाडायला. तिसरी गोल पटाशी, म्हणजे जिची धार सरळ नसून नखासारखी वळलेली आहे अशी पटाशी, आणि तिला ठोकायला लाकडी हातोडा. चौथा गोल बुडाचा छोटा रंधा. साध्या रंध्याचे बूड सपाट असल्यामुळे तो खळग्यात बसत नाही. शेवटी खरडण्यासाठी धार काढलेली पोलादी पट्टी किंवा काचेचा फुटका तुकडा, आणि पॉलिश पेपर.

या सगळ्यांइतकाच महत्त्वाचा धार लावायचा दगड. पटाशीची धार साधारण २५ ते ३० अंशांच्या कोनात घासतात. कोन याहून लहान केला तर पाते लाकडात सहज शिरते, पण धार लवकर मुडपते. मोठा केला तर धार टिकते, पण जोर जास्त लागतो. बोथट हत्यार जास्त धोक्याचे, असे सुतार सांगतात. त्याचे कारणही हेच आहे. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेले हत्यार निसटले की कुठे जाईल सांगता येत नाही.

लाकडाचे अंतरंग

माती सर्व दिशांनी सारखी असते. मूर्तिकाराची कोरणी उजवीकडून फिरवा की डावीकडून, माती तेवढीच निघते. चुकून जास्त निघाली तर परत लावता येते. लाकूड या दोन्ही बाबतींत वेगळे आहे. त्यातले काढलेले परत लावता येत नाही, आणि ते सर्व दिशांनी सारखे नाही.

झाडाचे खोड हे लांबट, पोकळ पेशींचे बनलेले असते. या पेशी मुळांकडून शेंड्याकडे, खोडाच्या लांबीच्या दिशेने रचलेल्या असतात. केरसुणीच्या हिरांची घट्ट बांधलेली जुडी डोळ्यांसमोर आणा. जुडी ताणून हीर तोडणे फार कठीण, पण दोन हीर एकमेकांपासून बाजूला करणे सोपे. लाकडाचेही तसेच आहे. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते ताणाला जितके बळकट असते, त्याच्या मानाने आडव्या दिशेने वीसपटींहून अधिक दुबळे असते. सरपणाचे लाकूड उभे ठेवून फोडले की एका घावात चिरते ते यामुळेच.

सुताराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की हत्यार जिकडे जाते तिकडेच लाकूड कापले जाईल, असा भरवसा नाही. पात्याच्या पुढे लाकडात एक बारीक फाट धावत असते आणि तिला तंतूंची वाट सोपी वाटते. ती फाट कुठे जाईल हे ओळखणे हीच कोरीवकामाची किल्ली आहे.

उतारावरून तळाकडे

हे समजण्यासाठी वीस-पंचवीस पोस्टकार्डे किंवा जुन्या पुठ्ठ्याचे सारखे तुकडे घ्या. ते एकावर एक असे रचा की प्रत्येक वरचे कार्ड खालच्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर मागे राहील. जिन्याच्या पायऱ्यांसारखा उतार तयार होईल. प्रत्येक कार्ड म्हणजे लाकडातला तंतूंचा एक आडवा थर आणि हा उतार म्हणजे खळग्याची एक बाजू. आता पोलादी पट्टीची कड या उतारावरून वरून खाली फिरवा. ती पायऱ्यांवरून घसरत खाली येते, कुठेही अडत नाही. तीच पट्टी खालून वर ढकला. ती लगेच दोन कार्डांमध्ये घुसते आणि वरची कार्डे उचलते.

लाकडात नेमके हेच घडते. खळग्याच्या काठाकडून तळाकडे पटाशी चालवली तर तिच्यापुढची फाट आडव्या तंतूच्या बाजूने धावते आणि थोड्याच अंतरावर उतारातून बाहेर, हवेत निघून जाते. तिथे ती संपते, आणि मागे गुळगुळीत पृष्ठभाग राहतो. उलट, तळाकडून काठाकडे पटाशी चालवली तर फाट तंतूच्या बाजूने धावत लाकडाच्या पोटात शिरते. एक लांब चोई उचकटते आणि ठेवायचा असलेला भागही घेऊन जाते.

म्हणून नियम असा: खळगा कोरताना नेहमी काठाकडून तळाकडे यायचे, आणि दोन्ही बाजूंनी यायचे. समोरच्या काठाकडून तळापर्यंत, मग फळी फिरवून दुसऱ्या काठाकडून तळापर्यंत. तळाशी जिथे दोन्ही उतार मिळतात, तिथे हत्यार थांबवायचे. तिथला उरलेला कंगोरा खरडून काढायचा. काठवट करणारा, होडी पोखरणारा आणि खुर्चीची बैठक कोरणारा हे तिघेही हाच नियम पाळतात.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा असतो. आधी फळीवर बैठकीची आखणी होते. मग सर्वांत खोल जायचे त्या दोन जागी गिरमिटाने भोके पाडतात. भोक किती खोल जाऊ द्यायचे ते कळावे म्हणून गिरमिटाला दोरा गुंडाळून खूण करतात. आता भोक दिसेनासे झाले की खोली पुरी झाली, मोजत बसायला नको. यानंतर वाकसाने तासणी. ही तासणी तंतूंना आडवी करतात. आडव्या घावात ढलपी शेजारच्या तंतूंपासून सहज सुटते आणि फाट खोल शिरायचा धोका राहत नाही. पाते वळलेले असले तर त्याचे दोन्ही कोपरे लाकडाबाहेर राहतात, त्यामुळे कडेचे लाकूड ओरबाडले जात नाही. तासलेला पृष्ठभाग माशाच्या खवल्यांसारखा दिसतो. मग गोल पटाशीने हे खवले उतरवतात, गोल बुडाच्या रंध्याने उतार सलग करतात आणि शेवटी खरडून, पॉलिश पेपरने घासून काम संपवतात. हत्यार बदलत जाते तसतशी ढलपी पातळ होत जाते. सुरुवातीला जाड ढलप्या, मग कुरळ्या साली, शेवटी भुसा. खालचा कचरा पाहूनच काम कुठवर आले ते सांगता येते.

वर्तुळाचा एक तुकडा

दहावीच्या भूमितीत जीवांच्या छेदनाचे प्रमेय आहे. ते इथे उपयोगी पडते. समजा बैठकीचा खळगा डावीकडून उजवीकडे ३६ सेंटिमीटर रुंद आणि मध्यभागी २ सेंटिमीटर खोल ठेवायचा आहे. हा कंस किती मोठ्या वर्तुळाचा?

जीवेचा अर्धा भाग १८ सेंटिमीटर. वर्तुळाची त्रिज्या 'त्र' मानू. प्रमेयानुसार १८ × १८ = २ × (२त्र – २). म्हणजे ३२४ = ४त्र – ४, आणि त्र = ८२ सेंटिमीटर.

डोळ्यांना उथळ बशीसारखा वाटणारा हा खळगा प्रत्यक्षात ८२ सेंटिमीटर त्रिज्येच्या मोठ्या वर्तुळाचा तुकडा आहे. आता कोपरापासून मुठीपर्यंतचा हात सुमारे ३५ सेंटिमीटर आणि वाकसाचा दांडा सुमारे ४० सेंटिमीटर धरा. कोपराभोवती फिरणाऱ्या पात्याचा कंस ७५ सेंटिमीटर त्रिज्येचा होतो. हे आकडे जवळ येतात म्हणून सुतार एकाच घावात सगळा खळगा काढतो असे समजू नये. तो शेकडो लहान घाव घालतो. पण हत्याराचा नैसर्गिक झोका आणि हवा असलेला आकार एकमेकांच्या विरोधात नाहीत, हे कामाला सोयीचे ठरते. सरळ रेषेत चालणाऱ्या करवतीने हा आकार काढता येत नाही.

किती खोल?

मग आणखी खोल का कोरू नये? कारण खुर्चीला भारही पेलायचा असतो. फळीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. ४ सेंटिमीटरची फळी मध्यभागी अडीच सेंटिमीटर राहिली, तर तिथला ताठपणा (२.५ ÷ ४) चा घन, म्हणजे सुमारे ०.२४ पट उरतो. जाडी दीड सेंटिमीटरने कमी झाली आणि ताठपणा एक चतुर्थांश झाला!

म्हणून खळगा मध्यभागी ठेवतात आणि कडा जाड ठेवतात. पाय जिथे फळीत शिरतात, तिथे भोकाला पुरेशी खोली मिळाली नाही तर सांधा ढिला होतो. पुढची कड मात्र वरून गोल उतरती करतात. ती उभी आणि धारदार राहिली तर मांडीच्या खालच्या भागावर दाब येतो, तिथल्या नसा दबतात आणि पायाला मुंग्या येतात. बाकावर बसलेल्या लहान मुलांचे पाय जमिनीला टेकत नसतील तर त्यांना हा त्रास अधिक होतो, कारण लोंबत्या पायांचे वजनही त्याच कडेवर पडते.

लाकडाची निवड

रोहा आणि मुरूड या तालुक्यांत फणसाड अभयारण्य पसरले आहे. १९८६ साली त्याची घोषणा झाली. या पट्ट्यातल्या जंगलांत साग, ऐन यांसारखी झाडे आहेत. अभयारण्यातले लाकूड अर्थातच हात लावण्यासाठी नाही, आणि खासगी जमिनीतला साग तोडायलाही परवानगी घ्यावी लागते. पण कुठल्या झाडाचे लाकूड कसे वागते याचे ज्ञान या भागात पिढ्यान् पिढ्या जमले आहे.

साग टिकाऊ, कारण त्यातल्या नैसर्गिक द्रव्यांमुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पण सागाच्या पेशींत सिलिका, म्हणजे वाळूतलेच द्रव्य, सूक्ष्म प्रमाणात असते. त्यामुळे हत्याराची धार लवकर जाते. शिवण हलके, मऊ आणि कमी वेडेवाकडे होणारे, म्हणून कोरायला सोपे. ऐन कठीण आणि जड, खांब-तुळयांना योग्य, पण कोरणाऱ्याची परीक्षा पाहणारे. आंबा स्वस्त आणि सहज मिळणारा, पण त्याला भुंगा लवकर लागतो.

कोरलेल्या बैठकीचा धंदा जिथे मोठा झाला त्या इंग्लंडमधल्या हाय विकम गावाचे उदाहरण इथे पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे विंडसर पद्धतीच्या खुर्च्या फार मोठ्या संख्येने होत. पाय जवळच्या रानातल्या बीच लाकडाचे आणि बैठक एल्म लाकडाची. एल्मचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. त्यामुळे कडेजवळ भोके पाडून पाय ठोकून बसवले तरी फळी चिरत नाही. फक्त बैठका तासणारे कारागीर तिथे वेगळे असत. ते फळी जमिनीवर ठेवून पायांनी दाबून धरत आणि लांब दांड्याचे वाकस स्वतःच्या पायांच्या दिशेने चालवत! १९७० च्या दशकात एका बुरशीच्या साथीने ब्रिटनमधली दोन कोटींहून अधिक एल्मची झाडे मेली. एका बुरशीने खुर्चीच्या लाकडाचा पुरवठाच बंद केला. हस्तकला जंगलावर किती अवलंबून असते ते यावरून कळावे.

हवेतले पाणी

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांवर जाते. लाकूड कापून कितीही वर्षे झाली तरी ते हवेशी पाण्याची देवाणघेवाण करत राहते. हवेची आर्द्रता ९० टक्के असेल तर त्यातले पाणी कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपर्यंत वाढते. आर्द्रता ५० टक्के असेल तर ते ९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. पाणी कमी झाले की लाकूड आकसते, वाढले की फुगते.

हे आकसणेही सर्व दिशांनी सारखे नाही. ओला साग पूर्ण वाळवला तर तो वाढवलयांच्या स्पर्शिकेच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के, त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसतो. लांबीच्या दिशेने मात्र जवळजवळ नाहीच. साधारण ३० टक्के पाणी असताना आकसणे सुरू होते असे धरले, तर पाण्यातल्या दर एक टक्क्याच्या घटीला स्पर्शिकेच्या दिशेने ०.१९ टक्के, त्रिज्येच्या दिशेने ०.०८ टक्के आकसणे होते.

आता समजा पावसाळ्यात पेणला एक बैठक केली. फळी ४० सेंटिमीटर रुंद, लाकडात पाणी १८ टक्के. ती उन्हाळ्यात घाटावर पुण्याला नेली आणि पाणी ८ टक्क्यांवर आले. फळी स्पर्शिकेच्या दिशेने कापलेली असेल तर रुंदी साडेसात मिलिमीटरांहून अधिक कमी होईल. त्रिज्येच्या दिशेने कापलेली असेल तर तीन मिलिमीटरांच्या जरा वर. एकाच झाडाच्या दोन फळ्या, पण एक दुसरीच्या दुपटीहून अधिक आकसली! फळीच्या टोकाकडून वाढवलये पाहिली की ती कशी कापली आहे हे लगेच कळते. वलये टोकावर उभी दिसत असतील तर ती त्रिज्येच्या दिशेने कापलेली.

याच कारणाने पाटाखालच्या आडव्या पट्ट्या पाटाला चिरा पाडतात. पट्टी स्वतःच्या लांबीत आकसत नाही, पण तिला खिळ्यांनी जखडलेला पाट रुंदीत आकसू पाहतो. त्याला वाट मिळाली नाही की तो तंतूंच्या बाजूने फाटतो. जाणते मिस्त्री पट्टी खाचेत सरकती बसवतात किंवा भोक लांबट ठेवतात. आपल्या शाळेतल्या बाकांच्या आणि पाटांच्या चिरा पाहून त्या कुठून सुरू झाल्या हे विद्यार्थ्यांना शोधायला सांगावे.

प्लायवूडला ही अडचण जवळजवळ नाही. त्यातले पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात आणि एकमेकांना आकसू देत नाहीत. पण याच कारणाने ते कोरता येत नाही. खळगा केला की एकामागून एक थर उघडे पडतात आणि दर थराला तंतूंची दिशा बदलते. प्लास्टिकच्या साच्यातल्या खुर्चीला मात्र खळगा असतो. साच्याला आकार कुठलाही द्या, खर्च सारखाच. त्या खुर्चीचा खळगा आणि उतरती पुढची कड नीट पाहिली तर कोरीव बैठकीचीच रेषा तिच्यात दिसते. म्हणजे सुतारांनी शोधलेला आकार राहिला. पण लाकूड वाचण्याची विद्या साच्यात उतरत नाही. प्लायवूड आणि यंत्रे आल्यावर ही विद्या शिकायचे कारणही कमी होत चालले आहे.

वर्गात काय करता येईल?

वाकस मुलांच्या हातात देऊ नये. ते सरावलेल्या माणसाचे हत्यार आहे. पण पुढील गोष्टी कार्यानुभवाच्या तासाला सहज करता येतील.

एक, वर सांगितलेला मातीच्या पाटाचा प्रयोग. वर्गातल्या सर्वांची दोन खळग्यांमधली अंतरे मोजून त्यांचा स्तंभालेख काढावा. पाचवीची आणि दहावीची मुले एकाच मापाच्या बाकावर बसतात, ते योग्य आहे का, याची चर्चा या आकड्यांवरून चांगली होते.

दोन, साबणाच्या वडीत आणि शिवणीच्या लाकडाच्या तुकड्यात लहान चमच्याएवढा खळगा कोरणे. साबण दोन्ही दिशांनी सारखाच कापला जातो, लाकूड तसे जात नाही. लाकडाचा तुकडा शिकंजात घट्ट धरावा, दोन्ही हात धारेच्या मागे असावेत आणि शिक्षकांनी शेजारी उभे राहावे. आधी मुद्दाम तळाकडून काठाकडे एक घाव घालून पाहावा. उचकटलेली चोई एकदा पाहिली की नियम पाठ करावा लागत नाही.

तीन, एकाच फळीतून दोन पट्ट्या कापाव्यात, एक तंतूंच्या लांबीत, एक आडवी. दोन्हींची लांबी नेमकी ३० सेंटिमीटर ठेवावी. वर्षभर दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्यांची लांबी आणि वजन नोंदवावे. जुलैची आणि फेब्रुवारीची नोंद शेजारी मांडली की पावसाळा लाकडात कसा शिरतो ते दिसेल.

चार, गावातल्या सुताराला शाळेत बोलवावे आणि त्यांना फक्त एक गोष्ट विचारावी: फळी हातात घेतल्यावर तिची सुलटी-उलटी बाजू तुम्ही कशी ओळखता? उत्तर ते बहुधा शब्दांत देणार नाहीत. फळीवरून तळहात फिरवतील, टोकाकडून बघतील, एक बारीक साल काढून दाखवतील. त्या प्रत्येक कृतीमागचे कारण विद्यार्थ्यांनी शोधावे.

आणि तोपर्यंत, दुपारच्या तासाला चुळबुळ सुरू झाली की दर वीस-पंचवीस मिनिटांनी मुलांना एकदा उभे करावे. फळी बदलणे आपल्या हातात नसेल, पण रक्ताला वाट करून देणे आहे. त्याला अर्धा मिनिट लागतो.